वॉल्टर टल : टॉटनहॅमचा खेळाडू, सोमचा शिपाई

आमखास मैदानावर खेळणाऱ्या आपल्या पोरांना सलाह, मेस्सी तोंडपाठ. वॉल्टर टल हे नाव मात्र क्वचितच कुणी ऐकलं असेल, म्हणून आज त्यांच्याविषयी लिहीत आहोत.

जन्म 1888, इंग्लंडमधलं फोकस्टन. वडील बार्बाडोसहून आलेले सुतार, आई इंग्रज. दोघंही लवकर गेले आणि वॉल्टर लंडनच्या अनाथाश्रमात वाढले. 1909 मध्ये टॉटनहॅमने त्यांना पगारी खेळाडू म्हणून घेतलं. त्याच वर्षी ब्रिस्टलच्या सामन्यात प्रेक्षकांनी रंगावरून घाणेरड्या शिव्या दिल्या. पुढे पहिल्या संघातून बाहेर कोण गेलं? टलच! 1911 मध्ये नॉर्थम्प्टनने बोलावलं. तिथे ते शंभरावर सामने खेळले.

महायुद्ध पेटलं तसे ते फुटबॉलपटूंच्या पलटणीत भरती झाले. 1916 मध्ये सोमच्या लढाईत होते. निजामाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या हैदराबाद कंटिन्जन्टमधून घडलेली आपली डेक्कन हॉर्सही त्याच लढाईत उतरली होती.

लष्करी नियमाने अधिकारीपद गोऱ्यांसाठीच होतं. तरी 1917 मध्ये टल सेकंड लेफ्टनंट झाले, गोरे शिपाई त्यांच्या हुकमाखाली लढले. 25 मार्च 1918 ला फ्रान्समध्ये ते मारले गेले, वय अवघं 29. सोबत्यांनी मय्यत मागे आणायची धडपड केली, पण जमलं नाही. त्यांची कबर नाही. अरासच्या स्मारकावर नुसतं नाव आहे.