विश्लेषण : जेफरसन यांची फळबाग, ट्युलिपचे कंद आणि राबणारे हात

अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन (१७४३-१८२६) यांनी १७६६ ते १८२४ या काळात बागेची नोंदवही ठेवली. पहिली नोंद ३० मार्च १७६६ची, जांभळी हायसिंथ फुलू लागल्याची. तेव्हा ते २२ वर्षांचे होते.

फळझाडांची निवड कशी केली?

व्हर्जिनियातील मॉन्टिसेलो या टेकडीवर जेफरसन यांनी घर बांधले आणि दक्षिण उतारावर फळबाग लावली. जागेची निवड अचूक होती. रात्रीची थंड हवा जड असल्याने उतारावरून खाली सरकते. त्यामुळे लवकर फुलणाऱ्या पीचचा मोहोर वसंतातल्या थंडीच्या फटक्यातून बऱ्याचदा वाचतो. १७६९ ते १८१४ दरम्यान तिथे १,०३१ झाडे लागली. पीचचेच ३८ प्रकार, सफरचंदाचे १८. पण सफरचंदांत त्यांचा भर अखेर चारच वाणांवर राहिला. न्यूटाउन पिप्पिन आणि एसोपस स्पिट्झेनबर्ग खाण्यासाठी, ह्यूज क्रॅब आणि टॅलिफेरो सायडरसाठी. युरोपातील द्राक्षवेली मात्र रोग-किडींपुढे टिकल्या नाहीत. वारंवार लावूनही स्वतःच्या द्राक्षांची वाइन काही त्यांना मिळाली नाही.

कंद कोणी लावले?

१८०७मध्ये, अध्यक्षपदाची दोन वर्षे उरली असताना, त्यांनी घराभोवती २० लंबवर्तुळाकार वाफे आखले. ट्युलिप, हायसिंथचे कंद फिलाडेल्फियातील रोपवाटिकाचालक बर्नार्ड मॅकमॅहन यांच्याकडून आले. हे कंद शरद ऋतूत पुरावे लागतात. हिवाळाभर थंडी मिळाली, तरच वसंतात नीट फुलतात. जेफरसन वर्षातील बहुतेक काळ वॉशिंग्टनमध्ये, त्यामुळे सूचना पत्रांतून जात. लागवड करत १६ वर्षांची नात ॲन आणि माळी वर्मली ह्यूज. ह्यूज गुलाम होते.

सर्व माणसे समान असल्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या या माणसाने आयुष्यात ६००हून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली. नोंदवहीतल्या बहुतांश ओळींमागे त्यांचे श्रम आहेत.

मृत्यूनंतर काय झाले?

४ जुलै १८२६ रोजी जेफरसन वारले, तेव्हा डोक्यावर एक लाख डॉलरहून अधिक कर्ज होते. त्यांची कबर ह्यूज यांनीच खणली. जानेवारी १८२७मध्ये सुमारे १३० गुलाम लिलावात काढण्यात आले. ह्यूज यांना कुटुंबीयांनी अनौपचारिकपणे मोकळे केले होते. त्यांची पत्नी अर्सुला आणि मुले मात्र विकली गेली. १८३१मध्ये घरही गेले, वाफे गवताखाली गडप झाले.

बाग पुन्हा कशी उभी राहिली?

१९३९-४१ दरम्यान जेफरसन यांच्या आराखड्यावरून फुलबाग पुन्हा उभारली. जुनी वळणदार पायवाट शोधण्यासाठी रात्री हिरवळीवर मोटारींच्या दिव्यांचा तिरपा झोत टाकण्यात आला आणि जमिनीतला उंचसखलपणा दिसला. १९८०च्या दशकात फळबागेचेही काम झाले. चार आवडत्या सफरचंदांपैकी तीन आजही मिळतात. टॅलिफेरोचे खात्रीने ओळखता येईल असे झाड मात्र उरलेले नाही.