विश्लेषण : पुण्याच्या ‘एनसीएल’चे संचालक आणि एव्हरेस्टवरचा पहिला ‘डाऊन’ कोट, कोण होते जॉर्ज फिंच?

हिवाळा आला की मनाली, स्पिती, लडाखच्या बर्फात जाणाऱ्यांची बॅग भरण्याची लगबग सुरू होते. त्या बॅगेत एक फुगीर, हलके जॅकेट हमखास असते. पिसे भरलेले असे जॅकेट एव्हरेस्टवर पहिल्यांदा वापरले गेले ते १९२२ साली. ते ज्यांनी स्वतः बेतून शिवून घेतले, ते जॉर्ज फिंच पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे ‘एनसीएल’चे संचालक झाले. त्या कोटाची तेव्हा थट्टा झाली होती. असे का झाले आणि पुढे काय घडले?

फिंच कोण होते?

जॉर्ज इंगल फिंच यांचा जन्म १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियातील न्यू साऊथ वेल्स प्रांतात झाला. कुटुंब युरोपात आल्यावर झुरिचच्या प्रसिद्ध तंत्रविद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले. तिथेच भाऊ मॅक्स याच्यासोबत त्यांना आल्प्सचे वेड लागले. पुढे ते लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमध्ये रसायनशास्त्र शिकवू लागले.

त्या काळी ब्रिटिश गिर्यारोहकांत स्थानिक वाटाड्या घेऊन चढण्याची पद्धत रूढ होती. फिंच बंधू वाटाड्याशिवाय चढत. बर्फाच्या उतारावर कुऱ्हाडीने एकेक पायरी खोदत जाण्याऐवजी ते बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे लोखंडी दात असलेली चौकट बांधत. अनेक जुन्या ब्रिटिश गिर्यारोहकांना ही पळवाट वाटे. फिंच यांचा हिशेब वेगळा होता. पायऱ्या खोदण्यात तास जातात आणि बर्फावर जितका वेळ जास्त, तितका धोका जास्त.

कोटात विशेष काय होते?

१९२१ च्या पहिल्या एव्हरेस्ट मोहिमेसाठी फिंच यांची निवड झाली होती. पण वैद्यकीय तपासणीनंतर त्यांना वगळण्यात आले. १९२२ च्या मोहिमेत मात्र त्यांना जागा मिळाली.

इतर सदस्यांची भिस्त लोकर, ट्वीड आणि गॅबर्डिनच्या थरांवर होती. फिंच यांनी गरम हवेच्या नव्हे, तर वायूच्या फुग्यांसाठी वापरतात तसे घट्ट विणीचे कापड घेतले आणि त्यात आयडर बदकाची मऊ पिसे भरून लांब कोट शिवून घेतला.

यामागचे शास्त्र सोपे आहे. ऊब कापड देत नाही, कापडात अडकलेली स्थिर हवा देते. पिसांच्या गुंत्यात खूप हवा अडकते आणि वजन जेमतेम वाढते. बाहेरचे कापड वारा आत येऊ देत नाही, त्यामुळे ती हवा हलत नाही. सहकाऱ्यांना हा अवतार सुरुवातीला विनोदी वाटला. वर कडाक्याचे वारे सुरू झाल्यावर मात्र त्याचा हेवा वाटू लागला.

ऑक्सिजनचा वाद काय होता?

८,००० मीटरच्या वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश उरतो. प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच कमी. ऑक्सफर्डमधील कमी दाबाच्या चाचणी कक्षातले निष्कर्ष पाहून, सिलिंडर न्यावेच लागतील असे फिंच यांचे मत झाले. मोहिमेची सूत्रे हलवणाऱ्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचे सचिव आर्थर हिंक्स यांच्यासह अनेकांना हा मार्ग अखिलाडूपणाचा वाटत होता.

उपकरणही साधे नव्हते. चार सिलिंडरसह त्याचे वजन सुमारे १५ किलो होते. सोबत आलेले मुखवटे कामाचे निघाले नाहीत, तेव्हा फिंच यांनी छावणीतच फुटबॉलच्या ब्लॅडरचे रबर आणि नळ्या जोडून पर्याय तयार केला.

मे १९२२ मध्ये काय घडले?

२१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरव्हेल ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत पोहोचले. त्यांच्यासोबत निघालेल्या मॉर्सहेड यांना हिमदंश झाला आणि पुढे त्यांच्या काही बोटांचे भाग गमवावे लागले.

त्यानंतर फिंच, जेफ्री ब्रुस आणि गुरखा जवान तेजबीर बुरा निघाले. ब्रुस यांना गिर्यारोहणाचा अनुभव जवळपास नव्हता. सुमारे ७,७७० मीटरवर त्यांनी तंबू लावला आणि वादळ सुरू झाले. तंबू उडू नये म्हणून तिघे रात्रभर तो धरून बसले.

एका रात्रीचा बेत होता, दोन रात्री काढाव्या लागल्या. अन्न संपत आले. खालच्या छावणीतले हमाल वादळ ओसरताच थर्मासमधून गरम चहा आणि मांसरसाचे पेय घेऊन वर आले. त्यांच्याशिवाय ही कथा इथेच संपली असती.

त्या दुसऱ्या रात्री अंग गारठू लागले तेव्हा फिंच यांना कल्पना सुचली. झोपेतही थोडा थोडा ऑक्सिजन घ्यायचा. शरीर अन्न जाळून उष्णता तयार करते आणि त्यासाठी ऑक्सिजन लागतो. तिघांच्या अंगात ऊब परतली आणि झोपही लागली.

२७ मे रोजी तेजबीर दमून मागे फिरले. फिंच आणि ब्रुस सुमारे ८,३२० मीटरवर पोहोचले. तोवर कोणीही माणूस इतक्या उंचीवर चढलेला नव्हता. तिथे ब्रुस यांच्या उपकरणातली काचेची नळी फुटली. फिंच यांनी स्वतःचा ऑक्सिजन त्यांना देत दुरुस्ती केली. दुरुस्ती झाली, पण पुढे गेलो तर ब्रुस जिवंत परतणार नाहीत हे ओळखून त्यांनी माघार घेतली. ब्रुस यांच्या पायांना हिमदंश झाला होता. फिंच जवळपास सुखरूप होते.

मग १९२४ मध्ये फिंच का नव्हते?

मोहिमेवरील व्याख्यानांचे उत्पन्न आणि हक्क यावरून समितीशी त्यांचा वाद झाला. स्पष्टवक्तेपणा आणि परदेशी वळणाचे शिक्षण यामुळे ते आधीच अनेकांना खटकत होते. १९२३ मध्ये दोन सहकाऱ्यांसह आल्प्समधील दाँ देराँ शिखराची बर्फाळ उत्तर भिंत चढूनही त्यांना १९२४ च्या मोहिमेत स्थान मिळाले नाही.

त्या मोहिमेत मॅलरी आणि अर्विन बेपत्ता झाले. एकेकाळी ऑक्सिजनला नाके मुरडणारे मॅलरी त्या दिवशी सिलिंडर घेऊन निघाले होते. १९९९ मध्ये त्यांचा मृतदेह सापडला. अंगावर सुती, रेशमी, लोकरी कपड्यांचे थर आणि गॅबर्डिन होते, पिसांचा कोट नव्हता. कोटाने ते वाचले असते असे म्हणता येत नाही. पण दोन वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट बाजूला राहिली, हे खरे.

पुण्याशी संबंध कसा?

फिंच यांनी पुढे संशोधनात नाव कमावले. १९३८ मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. १९५२ ते १९५७ या काळात ते पाषाणच्या एनसीएलचे संचालक होते. याच काळात, २९ मे १९५३ रोजी, तेनझिंग आणि हिलरी एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचले, तेही ऑक्सिजन सिलिंडर घेऊन. पुढे ज्या अल्पाइन क्लबच्या जुन्या मंडळींशी खटके उडाले होते, त्याच क्लबचे फिंच अध्यक्ष झाले. १९७० मध्ये त्यांचे निधन झाले.

बर्फात जाताना यातून काय घ्यावे?

- पिसांचे जॅकेट थांबल्यावर, तळावर घालावे. चढताना घामाने पिसे भिजली की त्यांचा फुगीरपणा आणि ऊब दोन्ही जाते. चढताना पातळ थर आणि वारारोधक जॅकेट पुरे.
- बेत एका दिवसाचा असला तरी खाणे आणि इंधन एका दिवसाचे जास्त ठेवावे. उंचीवर भूक मरते, म्हणून सुका मेवा, गूळ, चिक्की असे थोडे थोडे खाता येईल ते जवळ असावे.
- थर्मास विसरू नये. बर्फ वितळवून पाणी करायला बराच वेळ आणि इंधन जाते.
- क्रॅम्पॉन आपल्या बुटांना नीट बसतात का, ते घरीच तपासावे. बिघडलेली वस्तू हातमोजे घालून दुरुस्त करता येते का, हेही तिथेच करून पाहावे.
- हातापायाची बोटे बधिर झाली, तर शिखर जवळ दिसत असले तरी मागे फिरावे.