न्यायासनावरील निःस्पृह पुरुष : रामशास्त्री प्रभुणे

न्याय करावयास बुद्धी लागते आणि शास्त्राचे अध्ययन लागते, हे सर्वमान्य आहे. परंतु ज्यास कोणाकडून काही हवे आहे किंवा काही गमावण्याचे भय आहे, त्याचा हात निवाडा लिहिताना कोठेतरी अडखळतोच. म्हणून निःस्वार्थता हा केवळ विरक्तांचा अलंकार नव्हे, लोकव्यवहाराचाही तो पाया आहे. याचे उत्तम उदाहरण पेशवाईतील न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांच्या चरित्रात सापडते.

राम विश्वनाथ प्रभुणे हे साताऱ्याजवळच्या माहुलीचे. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावरील हे क्षेत्र. बालपणीच पितृछत्र हरपल्यामुळे ते साताऱ्यास अनगळ नावाच्या सावकाराच्या घरी चाकरीस राहिले. एके दिवशी सावकाराच्या कानातील भिकबाळीकडे ते टक लावून पाहू लागले, तेव्हा असे दागिने विद्वानास किंवा शूरास शोभतात, असा टोमणा सावकाराने मारला, अशी आख्यायिका आहे. तो बोल त्यांच्या जिव्हारी लागला. वय वाढलेले, अक्षरओळख तोकडी, तरीही ते काशीस गेले आणि बाळंभट्ट पायगुंडे यांच्यापाशी राहून धर्मशास्त्रात पारंगत झाले. नवल असे की ज्या अलंकाराच्या निमित्ताने विद्येची ओढ लागली, विद्या हाती आल्यावर त्या अलंकाराची इच्छाच उरली नाही.

1751 साली ते पुण्यास पेशव्यांच्या पदरी शास्त्री म्हणून राहिले आणि 1759 साली मुख्य न्यायाधीश झाले. त्या काळी वादी-प्रतिवादींच्या तकरिरा लिहून घेत, निवाडा मान्य करण्याचे राजीनामे घेत, साक्षी-पुरावे तपाशीत आणि मग निवाडपत्र देत. जिंकणाऱ्याकडून हरकी व हरणाऱ्याकडून गुन्हेगारी सरकारात जमा होई. अशा व्यवस्थेत न्यायाधीशाच्या दारी नजराणे चालत येणे स्वाभाविक होते. रामशास्त्र्यांच्या दारी ते टिकत नसत. घरात एका दिवसापुरतीच शिधासामग्री ठेवावी, असा त्यांचा नेम सांगितला जातो. त्यांच्या पत्नी वाड्यात गेल्या असता त्यांना वस्त्रालंकार घालून पालखीतून परत पाठविण्यात आले. तेव्हा हे घर दुसऱ्या कोणाचे असावे, असे भोयांस सांगून शास्त्र्यांनी दार लावून घेतले, ही कथा महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे.

सार्वजनिक द्रव्याविषयी त्यांची दृष्टी याहून सूक्ष्म होती. दक्षिणा वाटण्याचे काम त्यांच्याकडे होते. एकदा त्यांचे बंधू रांगेत आले. शास्त्रीबुवांचे बंधू म्हणून त्यांना अधिक द्यावे, असे नाना फडणिसांनी सुचविले. बंधूंची विद्वत्ता सामान्य आहे, म्हणून सरकारातून सामान्य दक्षिणाच द्यावी. भाऊ म्हणून द्यावयाचे ते आपण आपल्या घरातून देऊ, असे शास्त्र्यांनी कळविले, असे सांगतात. बंधुप्रेम त्यांनी टाकले नाही. त्याचा खर्च मात्र प्रजेच्या माथी मारला नाही. नागरिकत्वाचा सारा धडा या एका भेदात आहे.

1761 साली माधवराव पेशवे झाले, तेव्हा ते अवघे सोळा वर्षांचे होते. पुढे स्नानसंध्या, जप व अनुष्ठान यांत त्यांचा पुष्कळ वेळ जाऊ लागला. राजकार्य खोळंबून राहिले. एकदा शास्त्री भेटीस गेले असता श्रीमंत ध्यानस्थ होते. दुसऱ्या दिवशी शास्त्र्यांनी काशीस जाण्याची अनुज्ञा मागितली. माधवरावांनी कारण विचारले. जपतपच करावयाचे असेल तर दोघांनीही राज्य सोडून गंगातीरी जावे, आणि प्रजेचे पालन पत्करले असेल तर तेच व्रत मानून निष्ठेने चालवावे, असा त्यांचा अभिप्राय पडला. माधवरावांनी तो शिरोधार्य मानला. येथे जपाची अवहेलना नाही. त्याग करावयाचा तर तो पूर्ण असावा. पदही सांभाळायचे आणि त्याचे कर्तव्य टाळण्यास धर्माची आडही घ्यायची, हे शास्त्र्यांस संमत नव्हते.

खरी कसोटी पुढे आली. 1772 साली माधवराव थेऊर येथे निवर्तले. त्यांचे धाकटे बंधू नारायणराव गादीवर आले आणि 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांचा वध केला. चुलते रघुनाथराव पेशवे झाले. चौकशी रामशास्त्र्यांकडे होती. धागे जुळत जुळत ते खुद्द रघुनाथरावांपाशी पोचले. न्यायाधीशाचे वेतन ज्याच्या हातून यावयाचे, तोच आता आरोपी होता. शास्त्र्यांपाशी ना फौज होती, ना किल्ला. तरीही त्यांनी रघुनाथरावांस समोरासमोर दोषी ठरविले, या पातकास देहान्तावाचून प्रायश्चित्त नाही असे सांगितले आणि पद सोडून वाईजवळील खेड्यात जाऊन राहिले.

त्या निवाड्याची अंमलबजावणी कधीच झाली नाही. रघुनाथराव 1783 साली कोपरगाव येथे वारले, ते दंडाने नव्हे. मग तो निवाडा व्यर्थ गेला काय? तसे म्हणता येत नाही. अपराध अपराध म्हणून उघड उच्चारला गेला आणि सत्तेला न्यायाचे वस्त्र पांघरून मिरविता आले नाही. बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर शास्त्र्यांस सन्मानाने परत बोलावण्यात आले आणि 1789 साली देह पडेपर्यंत त्यांनी सेवा केली.

शिक्षा देण्याचे सामर्थ्य सत्तेकडे असते. सत्य सांगण्याचे सामर्थ्य मात्र ज्याला काही नको, त्याच्याकडेच असते. भिक्षू असो वा वासनिक, पंचायतीत बसणारा असो वा संस्थेचा हिशेब ठेवणारा, आपला व परका यांचा तंटा समोर आला म्हणजे रामशास्त्र्यांची एका दिवसाची शिदोरी त्याने अवश्य आठवावी. त्या रित्या कोठारातच त्यांच्या निवाड्याचे बळ साठविलेले होते.