महाराणी येसूबाई : २९ वर्षांची कैद

वढू बुद्रुक आपल्या केंदूरपासून लांब नाही. तिथे छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीपुढे आपण हात जोडतो. पण त्यांच्या पत्नी येसूबाई आपल्याला क्वचितच आठवतात.

१६८९ मध्ये महाराज मोगलांच्या हाती सापडले. तेव्हा येसूबाईंनी लहानग्या शाहूचा हक्क बाजूला ठेवून दीर राजाराम यांना गादीवर बसवले. रायगडाला वेढा पडताच त्यांना सुखरूप बाहेर पाठवले आणि स्वतः मुलासह मागे राहिल्या. नोव्हेंबरात गड पडला. मायलेकरे कैद झाली. बादशहाची छावणी हलेल तिकडे त्यांनाही जावे लागे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू महाराज सुटले, पण येसूबाईंना मोगलांनी ओलीस ठेवले. इकडे भाऊबंदकी पेटली. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या खेड येथे शाहू महाराज व ताराबाई यांच्या फौजा एकमेकींशी लढल्या. घरात तंटा चालू होता आणि आई परक्यांच्या ताब्यात होती. अखेर १७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ यांनी त्यांना दिल्लीहून सोडवून आणले.

यापुढे वढूला जाऊ, तेव्हा मागे राहिलेल्या या माउलीचीही आपण आठवण ठेवू या.