नाकारलेला पुतळा : शिल्पकार रोदँ

चौकात पुतळा उभारायचा म्हटले की समिती, वर्गणी आणि मतभेद आलेच. हे आपल्या सीमाभागातच घडते असे नाही. पॅरिसमध्येही घडले आहे.

ऑग्युस्त रोदँ यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1840 रोजी पॅरिसमध्ये एका सामान्य घरात झाला. नामांकित कलाशाळेच्या प्रवेशपरीक्षेत ते तीनदा नापास झाले. पोटासाठी त्यांनी इमारतींवरचे नक्षीकाम केले. पुढे नाव झाले. 1891 मध्ये साहित्यिकांच्या संस्थेने, एमिल झोला अध्यक्ष असताना, कादंबरीकार बाल्झाक यांच्या पुतळ्याचे काम त्यांना दिले. 10,000 फ्रँक आगाऊ मिळाले. मुदत टळली, संस्था चिडली, तेव्हा 1894 मध्ये रोदँनी तेवढी रक्कम अनामत ठेवली.

1898 मध्ये झग्यात गुंडाळलेला बाल्झाक प्रदर्शनात आला. लोक हसले आणि संस्थेने तो नाकारला. चाहत्यांनी वर्गणी काढून पुतळा घेण्याची तयारी दाखवली. रोदँनी तीही नम्रपणे नाकारली, संस्थेचे पैसे फेडले आणि पुतळा आपल्या घरी नेला. काम फाल्गिएर या शिल्पकाराकडे गेले. त्यांच्याशी वैर न धरता रोदँनी त्यांचाच अर्धपुतळा घडवला.

17 नोव्हेंबर 1917 रोजी रोदँ वारले. 1939 मध्ये तोच बाल्झाक ब्राँझमध्ये पॅरिसच्या रस्त्यावर उभा राहिला.

बँकेत आयुष्य गेलेल्या मला यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते. त्यांनी देणे चुकते केले, पण पुतळा बदलला नाही.