विश्लेषण : श्वानासोबत देशाची सीमा ओलांडताना लुई पाश्चर का आठवतात?

तळोजाचे कुत्रे २०१७ मध्ये जगभर गाजले, ते औद्योगिक रंगामुळे निळे पडल्याने. आज याच परिसरातील गृहसंकुलांत पाळीव श्वानांची संख्या वाढते आहे आणि त्यांना गाडीत घेऊन लांबच्या प्रवासाला निघणारेही आहेत. प्रवास परदेशात, रस्त्याने असेल तर बहुतेक देशांच्या सीमेवर श्वानाचे रेबीज लसीकरणाचे प्रमाणपत्र लागते. या कागदामागे एका फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचे आयुष्य आहे.

पाश्चर कोण होते?

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल येथे झाला. वडील कातडी कमावण्याचा व्यवसाय करत. बालपण आर्बुआ या गावी गेले. १८३१ मध्ये तिथे पिसाळलेल्या लांडग्याने अनेकांना चावे घेतले. तेव्हा उपाय एकच होता : लोहाराकडे जाऊन जखमेवर तापलेल्या लोखंडाचा डाग घेणे. आठ वर्षांच्या लुईने ते दिवस पाहिले होते.

पाश्चर डॉक्टर नव्हते. स्फटिकांच्या अभ्यासातून ते किण्वनाकडे आणि तिथून सूक्ष्मजीवांकडे वळले. दूध टिकवण्याच्या ‘पाश्चरायझेशन’ला त्यांचेच नाव आहे. १८५९ ते १८६६ या काळात त्यांच्या तीन मुली दगावल्या, त्यांतील दोघी विषमज्वराने. १८६८ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने त्यांची डावी बाजू अधू झाली. जंतुजन्य आजारांवरील त्यांचे मोठे काम त्यानंतरचे आहे.

रेबीजची लस कशी तयार झाली?

रेबीजचा विषाणू त्या काळच्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नव्हता. पाश्चर आणि एमिल रू यांनी तो सशांच्या मज्जासंस्थेत वाढवला. बाधित सशाचा मज्जारज्जू कोरड्या हवेत टांगून ठेवला की दिवसागणिक त्याची घातकता कमी होई. आधी सर्वांत कमकुवत आणि मग क्रमाने अधिक ताजा अंश टोचायचा, ही कल्पना. प्रयोग आधी कुत्र्यांवर झाले. चाव्यानंतर लक्षणे दिसायला बहुधा काही आठवडे लागतात. तेवढ्या वेळात शरीराची प्रतिकारशक्ती तयार करता येईल, असा हिशेब होता.

सीमेपलीकडून आलेला पहिला रुग्ण कोण?

४ जुलै १८८५ रोजी अल्सास प्रांतात जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने अनेक ठिकाणी चावे घेतले. १८७१ च्या युद्धानंतर अल्सास जर्मनीत गेले होते. त्यामुळे आईला मुलाला घेऊन देशाची सीमा ओलांडून पॅरिस गाठावे लागले. कुत्र्याचा मालकही सोबत आला होता.

पाश्चर यांच्यापुढे पेच होता. लस दिली नाही तर मुलगा दगावण्याची भीती. दिली आणि चुकली तर मृत्यूचा ठपका त्यांच्यावर, तोही वैद्यकीचा परवाना नसताना. रू यांना माणसावर प्रयोगाची घाई मान्य नव्हती. अखेर ६ जुलैला डॉ. ग्रांशे यांनी पहिली लस टोचली. अकरा दिवसांत १३ टोचण्या झाल्या आणि मुलगा वाचला. पुढे तो पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये द्वारपाल झाला.

टीका झाली का?

झाली. त्याच वर्षी चाव्यानंतर महिनाभराहून अधिक उशिरा आणलेली दहा वर्षांची मुलगी उपचारानंतरही दगावली आणि विरोधकांनी त्यांना धारेवर धरले. शतकभराने त्यांच्या नोंदवह्या अभ्यासकांनी तपासल्या. माइस्टरवर वापरलेल्या पद्धतीची कुत्र्यांवरील चाचणी, जाहीर सांगितली गेली तेवढी पूर्ण झालेली नव्हती, असे त्यांतून पुढे आले. तरीही रुग्ण येत राहिले. १८८६ मध्ये रशियातील स्मोलेन्स्कहून लांडग्याने चावलेले १९ जण पॅरिसला आले, त्यांतील १६ वाचले.

भारतात ही लस कधी आली?

पॅरिसमधील पाश्चर इन्स्टिट्यूट १८८८ मध्ये सुरू झाली. भारतातून त्या काळी ज्यांना परवडे तेच रुग्ण पॅरिसला जात. १९०० मध्ये कसौली येथे पाश्चर इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि उपचार देशात मिळू लागले. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेनेही पुढे अनेक वर्षे रेबीजची लस तयार केली. पाश्चर यांचे निधन २८ सप्टेंबर १८९५ रोजी झाले. हाच दिवस आता जागतिक रेबीज दिन म्हणून पाळला जातो.

आज सीमेवर काय लागते?

नियम देशागणिक वेगळे आहेत. युरोपीय संघात भारतातून श्वान न्यायचा असेल तर आधी मायक्रोचिप, मग लस, त्यानंतर किमान ३० दिवसांनी रक्ततपासणी असा क्रम आहे. प्रतिपिंडांचे प्रमाण मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक असावे लागते. नमुना घेतल्यापासून तीन महिने थांबावे लागते. म्हणजे तयारी किमान चार महिने आधी सुरू करायला हवी. चिप लावण्यापूर्वी दिलेली लस धरली जात नाही. ज्या देशांतून जायचे, त्या प्रत्येकाचे आणि परत येताना भारताचे नियमही निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत.

प्रवासात कोणताही कुत्रा चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर आजही खात्रीचा उपाय नाही. म्हणूनच चाव्यानंतरचे पहिले काही तास महत्त्वाचे ठरतात.