देवाला चिनी नाव देणारे फादर मातेओ रिची



सकाळी उठल्यावर आपण क्रूसाची खूण करतो आणि प्रार्थनेला लागतो. त्या वेळी आपल्या तोंडी जे शब्द येतात, म्हणजे देव, परमेश्वर, प्रभू, स्वामी, ते आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की ते आले कुठून हे आपल्या मनातही येत नाही. ख्रिस्ती श्रद्धा आपल्या भूमीत येण्याच्या कितीतरी आधीपासून हे शब्द इथे होते. आपले हिंदू शेजारीही तेच वापरतात. म्हणून कधी कधी एखादा विचारतो, दुसऱ्या धर्माचे लोक आपापल्या देवांना ज्या शब्दाने हाक मारतात, तोच शब्द आपण का वापरायचा? त्यात अर्थाचा घोटाळा नाही का होणार?

हा प्रश्न एकट्या आपलाच नाही. चीनमध्ये याच प्रश्नावरून ख्रिस्तसभेत शंभराहून अधिक वर्षे वाद चालला. त्या वादाच्या आरंभी एका येशूसंघीय धर्मगुरूंचे नाव येते, ते म्हणजे फादर मातेओ रिची. त्यांचा जीवनप्रवास आज आपण थोडक्यात पाहू.

मातेओ रिची यांचा जन्म ६ ऑक्टोबर १५५२ रोजी इटलीतील माचेराता या गावी झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ३ डिसेंबर १५५२ रोजी, संत फ्रान्सिस झेवियर यांनी चीनच्या किनाऱ्याजवळील एका बेटावर देह ठेवला. चीनमध्ये प्रवेश करण्याची त्यांची इच्छा अपुरी राहिली. तीच इच्छा पुढे या बालकाच्या हातून पूर्ण व्हायची होती.

मातेओचे वडील औषधविक्रेते होते. मुलाने मोठा वकील व्हावे म्हणून त्यांनी त्याला १५६८ मध्ये रोमला धाडले. मुलाने मात्र १५७१ मध्ये, स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी, येशूसंघात प्रवेश केला. वडील त्याला परत आणायला निघाले, परंतु वाटेतच तापाने आजारी पडले आणि ही देवाची इच्छा समजून माघारी फिरले, असे सांगतात. रोममध्ये मातेओंना क्लाव्हियस या नामवंत गुरूंकडून गणित आणि खगोलशास्त्र शिकायला मिळाले.

१५७८ च्या सप्टेंबरमध्ये रिची गोव्यात उतरले. त्याच प्रवासात त्यांच्याबरोबर आलेल्या येशूसंघीयांमध्ये रोदोल्फो आक्वाविवा होते. पुढे ते अकबर बादशहाच्या दरबारी गेले आणि १५८३ मध्ये कुंकळ्ळी येथे रक्तसाक्षी झाले. रिचींनी गोव्यात ईशज्ञानाचा अभ्यास केला, विद्यार्थ्यांना शिकवले आणि १५८० मध्ये कोचीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. येथील स्थानिक विद्यार्थ्यांना तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान शिकवू नये, असा विचार त्या काळी पुढे आला होता. तरुण रिचींना तो अन्याय वाटला. १५८१ मध्ये त्यांनी रोमला पत्र लिहून तसे स्पष्ट कळवले. ज्या लोकांमध्ये आपण जातो ते बुद्धीने आपल्यापेक्षा कमी नाहीत, ही त्यांची समजूत आपल्या हिंदुस्थानातच पक्की झालेली दिसते.

१५८२ मध्ये ते मकावला पोहोचले आणि चिनी भाषा शिकू लागले. देवाला चिनी भाषेत काय म्हणावे, हा प्रश्न तिथे त्यांची वाटच पाहत होता. या बाबतीत जपानचा अनुभव येशूसंघीयांना चांगलाच आठवत होता. १५४९ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर जपानला गेले, तेव्हा एका जपानी सोबत्याच्या सल्ल्याने त्यांनी देवासाठी ‘दाइनिची’ हा शब्द घेतला. तेथील काही बौद्ध भिक्षूंना त्यामुळे आनंदच झाला, कारण दाइनिची हे त्यांच्या पंथातील प्रमुख बुद्धाचे नाव होते! चूक ध्यानात येताच संतांनी तो शब्द टाकला आणि ‘देऊस’ हा लॅटिन शब्दच वापरायला सुरुवात केली. मग विरोधकांनी त्याचीही थट्टा केली. जपानी कानाला तो शब्द ‘दाइ उसो’, म्हणजे ‘मोठे खोटे’, यासारखा ऐकू येत होता. तेथील शब्द घ्यावा तर त्याचा जुना अर्थ बरोबर येतो, आणि परका शब्द न्यावा तर लोकांना त्यात काहीच अर्थ लागत नाही, अशी ही अडचण होती.

चीनमध्ये या अडचणीतून वाट निघाली ती एका साध्या माणसामुळे. रिचींचे ज्येष्ठ सहकारी फादर रुज्जेरी चाओचिंग या शहरात काही महिने राहिले होते. अधिकाऱ्यांच्या हुकुमाने त्यांना तेथून निघावे लागले. जाताना त्यांनी आपली वेदी शेजारच्या एका तरुणाच्या स्वाधीन केली. त्या तरुणाचा अजून बाप्तिस्माही झालेला नव्हता. सप्टेंबर १५८३ मध्ये रुज्जेरी आणि रिची दोघे परतले, तेव्हा त्या तरुणाने वेदी नीट जपून ठेवली होती. वेदीच्या वर त्याने एक फलक लावला होता आणि त्यावर दोन मोठी चिनी अक्षरे लिहिली होती: ‘त्येन चू’. ‘त्येन’ म्हणजे स्वर्ग आणि ‘चू’ म्हणजे धनी. स्वर्गाचा स्वामी! दोघाही धर्मगुरूंना तो शब्द मनापासून आवडला. पुढच्याच वर्षी छापलेल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात तोच शब्द आला. रिचींनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. देवाचे नाव आपणच शोधून काढले, असा दावा त्यांनी केला नाही.

आरंभी रिची बौद्ध भिक्षूंसारखा वेष करीत. त्या वेषाला सुशिक्षित समाजात फारसा मान नाही, हे ध्यानात आल्यावर एका चिनी मित्राच्या सल्ल्याने १५९५ पासून त्यांनी पंडितांचा पोशाख स्वीकारला. लोक त्यांना ली मादोऊ म्हणू लागले. त्यांनी चिनी अक्षरांत जगाचा नकाशा तयार केला. कन्फ्यूशियसच्या परंपरेतील चार मुख्य ग्रंथांचे लॅटिनमध्ये भाषांतर केले. ते करताना त्यांना दिसले की चीनच्या अतिप्राचीन ग्रंथांत ‘शांगदी’ नावाच्या, सर्वांच्या वर असलेल्या एका सत्ताधीशाचा उल्लेख वारंवार येतो. चिनी पूर्वजांना खऱ्या देवाची काही ओळख होती, असे रिचींचे मत झाले. १६०३ मध्ये त्यांनी बीजिंग येथे ‘स्वर्गाच्या स्वामीचा खरा अर्थ’ अशा नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. एक चिनी पंडित आणि एक पाश्चात्त्य पंडित यांच्या संवादातून ते लिहिलेले आहे. आमच्या देशात ज्याला देऊस म्हणतात तोच हा स्वर्गाचा स्वामी, आणि तुमच्या पूर्वजांचा शांगदीही तोच, असे त्यात मांडले आहे. प्रभू येशूचे दुःखसहन आणि मरण मात्र या पुस्तकात विस्ताराने येत नाही. श्रद्धेकडे वळलेल्यांना ते वेगळे शिकवले जाई.

१६०१ मध्ये रिची बीजिंगला पोहोचले होते. वानली सम्राटाला त्यांनी भेट दिलेली घड्याळे फार आवडली, पण सम्राटाने त्यांना समोरासमोर कधीच भेट दिली नाही. रिचींचे खरे काम मैत्रीतून झाले. शू ग्वांगची या विद्वान अधिकाऱ्याने १६०३ मध्ये बाप्तिस्मा घेऊन पॉल हे नाव धारण केले. या दोघांनी मिळून युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेत आणले. ते १६०७ मध्ये छापले गेले. ११ मे १६१० रोजी, वयाच्या अवघ्या ५७ व्या वर्षी, रिचींनी देह ठेवला. सम्राटाने त्यांच्या दफनासाठी बीजिंगमध्ये जागा दिली. परदेशी माणसाला असा मान मिळणे फार दुर्मीळ होते. त्यांची कबर आजही तेथे आहे.

रिचींच्या पश्चात वाद सुरू झाला. त्यांच्या जागी आलेले फादर लोंगोबार्दो यांनाच शंका आली. आजचे चिनी पंडित शांगदी या शब्दाचा अर्थ काय लावतात, हे त्यांनी विचारून पाहिले. त्यांना वाटले की या शब्दाने लोकांच्या मनात जगाचा निर्माता येत नाही, केवळ निसर्गातील एक शक्ती येते. हे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. नंतर आलेल्या डॉमिनिकन आणि फ्रान्सिस्कन धर्मगुरूंनी पूर्वजांना आणि कन्फ्यूशियसला वंदन करण्याच्या चिनी रीतींवरही आक्षेप घेतले. प्रकरण रोमला गेले. १७१५ मध्ये पोप अकरावे क्लेमेंट यांनी देवासाठी ‘शांगदी’ आणि नुसते ‘त्येन’ हे शब्द वापरण्यास बंदी घातली आणि ‘त्येन चू’ तेवढा कायम ठेवला. त्या रीतींनाही मनाई झाली. १७४२ मध्ये पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी वाद कायमचा मिटवला.

याची किंमत मोठी होती. १६९२ मध्ये ख्रिस्ती धर्माला मोकळीक देणारे कांगशी सम्राट या वादाने अतिशय नाराज झाले. चिनी अक्षरे धड न वाचता येणारे परदेशी लोक चिनी शब्दांचे अर्थ ठरवतात, हे त्यांना सहन झाले नाही. १७२४ मध्ये त्यांच्या मुलाने ख्रिस्ती धर्मावर बंदी आणली. पुढे कित्येक पिढ्या चिनी भाविकांना लपूनछपून श्रद्धा जपावी लागली. कन्फ्यूशियसला मान देण्याच्या रीतींना ख्रिस्तसभेने परवानगी दिली ती थेट १९३९ मध्ये.

मात्र त्या तरुणाने फलकावर लिहिलेला शब्द टिकला. आजही चीनमध्ये कॅथलिक धर्माला ‘स्वर्गाच्या स्वामीचा धर्म’ असेच म्हणतात. रिचींचे पुस्तक कोरियात पोहोचले आणि तेथील विद्वानांनी ते वाचले. त्यातूनच, एकही मिशनरी येण्याआधी, कोरियात प्रापंचिकांनी ख्रिस्तसभेचा पाया घातला. तेथेही देवाचे नाव तेच आहे, फक्त उच्चार कोरियन. त्या नावासाठी हजारो कोरियन भाविकांनी प्राण दिले. २०२२ च्या डिसेंबरमध्ये पोप फ्रान्सिस यांनी फादर रिची यांना ‘वंदनीय’ म्हणून मान्यता दिली.

आता आपल्या शब्दांकडे वळू. लॅटिन ‘देऊस’ आणि आपला ‘देव’ हे एकाच प्राचीन मुळातून आलेले शब्द आहेत. गंमत अशी की प्राचीन इराणमध्ये याच मुळातील शब्दाला ‘दुष्ट शक्ती’ असा अर्थ आला. अरबी भाषेतील बायबलमध्ये आणि अरब ख्रिस्ती बांधवांच्या मिस्साबलीत देवाला ‘अल्लाह’ म्हणतात. माल्टातील कॅथलिकही ‘अल्ला’ म्हणतात. रिची हिंदुस्थानात असतानाच, १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले. त्यांनी प्रभूची कथा मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ म्हणून रचली, ती १६१६ मध्ये रायतूर येथे छापली गेली. त्यांनीही याच मातीतले शब्द घेतले. ते ऐकताना आपल्या पूर्वजांना देव परका वाटला नाही.

मग सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर काय? शब्दाला जुना अर्थ चिकटलेला असतो, हे खरे आहे. लोंगोबार्दोंची भीती खोटी नव्हती. म्हणून केवळ ‘परमेश्वर’ म्हणून भागत नाही. आपण कोणत्या परमेश्वराला हाक मारतो, हे आपल्या मुलांना सांगावे लागते: ज्याने जग निर्माण केले, जो येशूमध्ये माणूस झाला, जो आपला पिता आहे. रिचींनी तेच केले. लोकांचा शब्द त्यांनी आदराने घेतला आणि त्याचा अर्थ समजावून सांगण्यात पुढची सत्तावीस वर्षे घालवली. हे काम आपल्या घरात आई-वडिलांनी, आजी-आजोबांनी करायचे आहे. आणि शेजारी जेव्हा याच शब्दाने देवाला हाक मारतो, तेव्हा त्याचे ऐकून घेण्याइतका आदर आपल्यापाशी असू द्या.